प्रत्यारोपित मूत्रपिंड आणि न दुखणारा अडथळा

२३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी जुळ्या भावांमध्ये मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले. आज आपल्या बडोद्याजवळ, नडियाद व अहमदाबाद येथे ही शस्त्रक्रिया होते. मूल घरी परतल्यावर मात्र ‘लघवी कमी होते’ ही तक्रार प्रथम कानी येते ती जवळच्या डॉक्टरांच्या. म्हणून हा विषय केवळ मूत्रविकारतज्ज्ञांचा नव्हे.

मुतखडा अडकला की माणूस कळवळतो. प्रत्यारोपित मूत्रपिंडाचे मज्जातंतू दात्याच्या शरीरातून ते काढतानाच तुटलेले असतात. त्यामुळे मूत्रवाहिनी बंद झाली तरी सहसा कळ येत नाही. रक्तातील क्रिएटिनीन तेवढे वाढते. अशा वेळी मनात प्रथम शंका येते ती ‘रिजेक्शन’ची. परंतु त्यासाठीचे स्टेरॉइडचे मोठे डोस अडथळ्यावर निरुपयोगी ठरतात आणि जंतुसंसर्ग असल्यास घातकही. म्हणून सोनोग्राफी लगेच व्हावयास हवी.

पहिल्या काही दिवसांत वा आठवड्यांत सूज, रक्ताची गुठळी, मूत्रवाहिनीला पडलेला पीळ किंवा बाहेर साचलेल्या लसिकेचा दाब ही कारणे आढळतात. पुढे मूत्रवाहिनीचे खालचे टोक आकसते. कारण नव्या जागी त्याला रक्त मिळते ते केवळ मूत्रपिंडाच्या रोहिणीकडून. बीके विषाणूही असे आकुंचन घडवतो. जन्मतः मूत्रमार्गात पडदा असलेल्या मुलांत दोष मूत्राशयाचाही असू शकतो.

भरलेल्या मूत्राशयामुळेही मूत्रपिंड फुगलेले दिसते. तेव्हा ते रिकामे करून पुन्हा पाहावे. शंका उरल्यास रेनोग्राम करतात. त्वचेतून मूत्रपिंडात बारीक नळी घातल्यावर क्रिएटिनीन उतरले, तर निदान आणि उपचार दोन्ही साधतात. त्याच नळीतून औषध सोडून क्ष-किरणांवर अडथळ्याची जागा कळते. आखूड आकुंचन फुग्याने रुंदावून स्टेंट ठेवता येतो. लांब किंवा पुन्हा उद्भवणाऱ्या आकुंचनासाठी मूत्रवाहिनी मूत्राशयाला नव्याने जोडावी लागते किंवा रुग्णाच्या स्वतःच्या मूत्रवाहिनीचा उपयोग करतात.

पालकांनी लघवीचे प्रमाण व वजन रोज लिहून ठेवावे. शस्त्रक्रियेत स्टेंट घातला असल्यास तो काढण्याची तारीख विचारून घ्यावी. विसरलेला स्टेंट स्वतःच अडथळा बनतो. रिजेक्शनविरोधी औषधे मनाने बंद करू नयेत.

मूत्रपिंड देणारी अनेकदा मुलाची आईच असते. वेळीच ओळखलेला अडथळा बहुधा दूर करता येतो. उशीर झाला तर तिचे ते दान आपण गमावतो.