मोटर बदलण्याआधी

विष्णुपुरीच्या परिसरात ‘मोटर जळाली’ म्हटले की पुढचे काही समजावून सांगावे लागत नाही. गोदावरी अडवून इथे शंकर सागर जलाशय झाला, त्याचे पाणी उपसा सिंचनाने वर चढवले जाते आणि आजूबाजूच्या शिवारांत विहिरींवर, बोअरवर, नदीकाठावर पंप चालतात. मोटर जळाली की ती काढायची, नांदेडला नेऊन वाइंडिंग भरून आणायची आणि पुन्हा बसवायची, ही शेतकऱ्याच्या वर्षातली ठरलेली कामे. याच विष्णुपुरीत 1981 पासून श्री गुरु गोबिंद सिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे आणि मोटर कशाने तापते याचे गणित तिथल्या वर्गांत शिकवले जाते. हे गणित डोळ्यांसमोर मांडून दाखवायला सर्वांत सोयीचे यंत्र मात्र पंप नव्हे, तर वाफेच्या इंजिनाची टेबलावर मावणारी, विजेवर धावणारी प्रतिकृती आहे. तिची मोटर जळाली की बहुतेक जण नवी मोटर मागवतात. माझे म्हणणे असे की नवी मोटर बसवणे हे दुरुस्तीचे शेवटचे आणि सर्वांत सोपे काम आहे. खरी दुरुस्ती मोटरच्या बाहेर असते.

पुण्यात कोथरूडला 1998 मध्ये सुरू झालेले जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या प्रतिकृतींची ओळख आहे. दिसायला वाफेचे इंजिन असले तरी त्यातल्या बहुतेकांत वाफ नसते. बॉयलरच्या पोकळीत किंवा मागच्या टेंडरमध्ये अंगठ्याच्या पेराएवढी डीसी मोटर दडलेली असते. रुळांतून साधारण 12 व्होल्टपर्यंतचा दाब चाकांवाटे आत येतो, कार्बन ब्रशमधून कम्युटेटरवर आणि तिथून आर्मेचरच्या तारेत जातो. मोटरच्या शाफ्टवरचा वर्म एका आसावरचे दातेरी चाक फिरवतो आणि बाकीची चाके बाहेरच्या जोडदांड्यांनी ओढली जातात. म्हणजे मोटर काय सोसते हे ती स्वतः ठरवत नाही. दाते, आस, दांडे आणि मागचे डबे ठरवतात.

आता उष्णतेचे गणित. समजा, आर्मेचरच्या तारेचा रोध 10 ओहम आहे. मोटर मोकळी फिरत असते तेव्हा ती स्वतःच उलट दिशेने व्होल्टेज निर्माण करते. ते 9 व्होल्ट असेल तर तारेतून वीज ढकलायला उरतात फक्त 3 व्होल्ट. प्रवाह 0.3 अँपिअर आणि तारेत निर्माण होणारी उष्णता 0.9 वॉट. हीच मोटर अडकून थांबली तर उलट व्होल्टेज शून्य होते. मग प्रवाह 1.2 अँपिअर आणि उष्णता 14.4 वॉट, म्हणजे सोळापट. आणि तीही हवा न खेळणाऱ्या बॉयलरच्या पोटात. तारेवरचा इनॅमलचा थर करपतो, शेजारचे वेढे एकमेकांना टेकतात, रोध घटतो, प्रवाह आणखी वाढतो. जळण्याचा वास येतो तो या टप्प्यावर. म्हणजे मोटर जळते तेव्हा ती बहुधा आपले काम करत असते. तिला फिरू दिलेले नसते.

फिरू न देणारी कारणे वाफेच्या इंजिनात इतर इंजिनांपेक्षा जास्त असतात, आणि इथे जरा थांबायला हवे. खऱ्या वाफेच्या इंजिनात डाव्या आणि उजव्या बाजूच्या क्रँकपिना एकमेकींशी पाव फेऱ्याच्या कोनात बसवतात, म्हणजे एक बाजू मृतबिंदूवर असताना दुसरी जोर लावू शकते. प्रतिकृतीतही हाच कोन राखावा लागतो. एखादे चाक आसावर काही अंशांनी जरी सरकले, तरी जोडदांडे प्रत्येक फेऱ्यात एका जागी ताठतात. इंजिन लंगडल्यासारखे चालते आणि त्या प्रत्येक अडखळण्याची किंमत मोटर प्रवाह वाढवून चुकवते. लातूरकरांच्या ओळखीचे उदाहरण घ्यायचे तर बार्शी लाइट रेल्वेचे. एव्हरार्ड कॅलथ्रॉपने 1897 मध्ये सुरू केलेल्या या अडीच फुटी मार्गाची पहिली इंजिने किटसन कंपनीची होती. रूळ हलके असल्याने वजन सर्व आसांवर सारखे वाटले जावे म्हणून त्यांना आठ जोडचाके दिली होती. त्या काळच्या अभियांत्रिकीतला हा फार सुंदर निर्णय आहे. पण अशा इंजिनाची प्रतिकृती केली तर चार आसांचे कोन, आठ क्रँकपिना आणि दांड्यांची भोके, सगळेच अचूक जुळावे लागते. त्यात सुकून चिकट झालेले ग्रीस, आसाला गुंडाळलेला केस किंवा सतरंजीचा धागा, तडकलेला प्लास्टिकचा गिअर यांची भर पडते.

जास्त डबे ओढावेत म्हणून बॉयलरमध्ये शिसे भरणे किंवा चाकांना रबरी कडी चढवणे हेही असेच. चांगल्या प्रतिकृतीत इंजिन हाताने धरले तर चाके जागीच घसरत फिरायला हवीत. ही घसरण दोष नाही, मोटरचे संरक्षण आहे. पकड गरजेपेक्षा वाढवली की चाके घसरायची थांबतात आणि त्यांच्याऐवजी मोटरच थांबते.

यावर पहिला आक्षेप असा की मोटरी वयानेही जातात. हे खरे आहे. ब्रश झिजतात, कार्बनची पूड कम्युटेटरच्या फटींत साचते, जुन्या मोटरींचे चुंबक क्षीण होते. चुंबक क्षीण झाले की तेवढ्याच जोरासाठी जास्त प्रवाह लागतो आणि तीच उष्णता पुन्हा येते. पण वयाने थकलेली मोटर आधी अनेक दिवस मंद चालून, गरम होऊन इशारा देते. ती थेट जळाली, तर जोडदांडे आणि गिअर तपासल्याशिवाय वयाला दोष देऊ नये. दुसरा आक्षेप पैशाचा: छोटी मोटर स्वस्त आहे, मग इतका खटाटोप कशाला? कारण मूळ दोष तसाच राहिला तर दुसरी मोटरही त्याच वाटेने जाते, आणि डिजिटल नियंत्रण असलेल्या इंजिनात ती बरोबर महागडा डीकोडरही नेऊ शकते.

तिसरा आक्षेप शेतकऱ्याचा आहे आणि तो सर्वांत वजनदार आहे: यंत्र चोख आहे, व्होल्टेजच मिळत नाही, त्याला आम्ही काय करणार? थ्री-फेज मोटरची एक फेज गेली की उरलेल्या दोन फेजांवर भार येतो आणि मोटर जळते. यात शेतकऱ्याचा काहीच दोष नसतो. पण याने माझे म्हणणे खोडले जात नाही, कारण इथेही कारण मोटरच्या बाहेरच आहे. फेज गेल्यावर पुरवठा तोडणारे साधन नसेल, तर नव्याने भरलेले वाइंडिंगही टिकणार नाही. लाइट आल्याबरोबर पंप आपोआप सुरू करणारे ऑटोस्विच काढा आणि कपॅसिटर बसवा, असे महावितरण वारंवार सांगते. एका डीपीवरचे सगळे पंप एकाच क्षणी सुरू झाले की दाब कोसळतो, एकही मोटर नीट वेग घेत नाही आणि सुरुवातीचा मोठा प्रवाह लांबत जातो. प्रतिकृतीत अडकलेल्या मोटरचे जे होते, तेच इथे अख्ख्या शिवारात होते. शेतकऱ्याला अखंड, योग्य दाबाची वीज मिळायलाच हवी. ती मिळेपर्यंत दर उन्हाळ्यात केवळ वाइंडिंगवर पैसे घालवणे हा त्याच्यावरच अन्याय आहे.

प्रतिकृतीत नवी मोटर बसवताना शाफ्टचा व्यास, मोटरची लांबी-रुंदी, फेरे आणि प्रवाह जुन्या मोटरशी ताडून घ्यावेत. वर्म ठोकून काढू नये, पुलरने ओढावा. हातोडीच्या एका घावाने शाफ्ट वाकतो. वर्म आणि गिअर यांच्यात जाणवेल न जाणवेल एवढी मोकळीक ठेवावी. अनेक जुन्या इंजिनांत एक ब्रश थेट चेसीला जोडलेला असतो. डीकोडर लावायचा असेल तर हा संबंध तोडून मोटर पूर्ण वेगळी करावी. पण या सगळ्याआधी मोटर काढून नुसता सांगाडा काचेच्या उतरत्या तुकड्यावर ठेवून पाहावा. वर्म निघाला असल्याने चाके मोकळी असतात. सांगाडा कुठेही न अडखळता खाली घरंगळत आला, तरच नव्या मोटरचे पैसे भरा.