आधी परवानगी, मग दत्तकविधान

दत्तक हा शब्द सातारकरांना नवा नाही. १८४८ साली शहाजी ऊर्फ अप्पासाहेब महाराजांनी मृत्युशय्येवर मुलगा दत्तक घेतला. विधी झाले, साक्षीदार होते. पण कलकत्त्यात बसलेल्या लॉर्ड डलहौसीने ते दत्तक मानले नाही आणि साताऱ्याचे राज्य खालसा झाले. आपल्या घरात शास्त्राप्रमाणे झालेले दत्तकविधान दुसऱ्या सत्तेने मानले पाहिजेच असे नाही, हा धडा साताऱ्याने पावणेदोनशे वर्षांपूर्वी घेतला. आज राज्याचा प्रश्न नाही, पण एखाद्या लहान मुलाच्या व्हिसाचा प्रश्न आला की तोच धडा पुन्हा समोर येतो.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या कुटुंबांना दत्तकाच्या कागदपत्रांत मदत करण्याचे काम मी करते. विटा-आटपाडीकडची माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभर गेली, माण-खटावची मुंबईला गेली. त्यांची आणि इतरांची मुले कऱ्हाड-सांगलीला इंजिनीअर होऊन अमेरिकेत स्थिरावली. मग कुणाला मूल होत नाही. गावी भावाला तिसरे अपत्य असते किंवा बहीण अकाली जाते आणि तिचे लेकरू आजीकडे असते. घरची मंडळी बसून ठरवतात, "आपलंच आहे, घ्या ओटीत." दिवाळीच्या सुट्टीत भटजी येतात, होम होतो, दुय्यम निबंधकांच्या कचेरीत दत्तकपत्र नोंदवले जाते. सुट्टी संपते, आईवडील परत जातात आणि व्हिसाचे विचारल्यावर कळते की मूल नेता येणार नाही. मूल मात्र रोज विचारत राहते, "मला न्यायला कधी येणार?"

असे का होते, ते समजून घेऊ.

हिंदू दत्तक आणि पोटगी कायदा १९५६ सालचा. त्यातल्या अटी सोप्या आहेत. मूल सर्वसाधारणपणे पंधरा वर्षांच्या आतले आणि अविवाहित असावे. मुलगा घ्यायचा तर आधीचा मुलगा नसावा, मुलगी घ्यायची तर मुलगी नसावी. घेणारी व्यक्ती आणि मूल यांत एक पुरुष नि दुसरी स्त्री असेल, तर वयात किमान एकवीस वर्षांचे अंतर हवे. मूल प्रत्यक्ष देणे-घेणे झाले पाहिजे आणि त्यासाठी पैसे देता-घेता येत नाहीत. नोंदवलेले दत्तकपत्र असेल, तर विरुद्ध पुरावा येईपर्यंत न्यायालय ते दत्तक खरे धरून चालते. या कायद्याचे कलम १५ मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. एकदा रीतसर झालेले दत्तकविधान कुणालाही रद्द करता येत नाही. मुलाच्या संरक्षणासाठी ते योग्यच आहे. पण व्हिसाच्या बाबतीत हेच कलम गाठ घट्ट करते. कशी, ते पुढे सांगते.

परदेशी दत्तकाला शिस्त लावण्याची सुरुवात आपल्याकडे १९८४ साली झाली. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहून, परदेशी पाठवल्या जाणाऱ्या मुलांच्या नावाखाली होणाऱ्या गैरप्रकारांकडे लक्ष वेधले. न्यायमूर्ती भगवती यांनी त्यावर सविस्तर नियम घालून दिले. त्यातून १९९० साली केंद्रीय दत्तक संस्था उभी राहिली. 'कारा' म्हणतात ती हीच. १९९३ साली हेग येथे आंतरराष्ट्रीय करार झाला, भारताने त्याला २००३ मध्ये मान्यता दिली आणि अमेरिकेत तो १ एप्रिल २००८ पासून लागू झाला. मूल विकले, पळवले किंवा फसवून नेले जाऊ नये म्हणून दोन्ही देशांच्या सरकारांनी आधी तपास करावा, होकार द्यावा आणि मगच दत्तक व्हावे, हे या कराराचे सार आहे. सगळा भर 'आधी' या शब्दावर आहे.

आता अमेरिकेचा नियम पाहू. तो घेणाऱ्या आईवडिलांच्या तिथल्या दर्जाप्रमाणे बदलतो.

पालक अमेरिकेचा नागरिक असून तिथेच राहत असेल, तर हेग कराराची वाट धरावी लागते. प्रथम 'आय-८००ए' हा अर्ज, म्हणजे हे पालक मूल सांभाळायला योग्य आहेत का याचा तपास. त्यासाठी समाजसेविका घरी येऊन अहवाल करते, त्याला होम स्टडी म्हणतात. नंतर विशिष्ट मुलासाठी 'आय-८००'. तो सर्वसाधारणपणे मूल सोळा वर्षांचे होण्याआधी भरावा लागतो. या अर्जाला तात्पुरती मंजुरी मिळण्यापूर्वीच दत्तक पूर्ण झाले असेल, तर तो सहसा नाकारला जातो. आधीचे दत्तक रद्द करून नव्याने करा, असे ते सांगतात आणि आपले कलम १५ म्हणते, रद्द करता येत नाही. मघाशी म्हटले ती गाठ हीच. ती सोडवायला वकील, पैसा आणि मुलाच्या बालपणातली वर्षे खर्ची पडतात.

आणखी एक अट आपल्या माणसांना चमत्कारिक वाटते. मुलाचे जन्मदाते दोघेही हयात असतील, तर ते त्याचा योग्य सांभाळ करायला असमर्थ आहेत हे दाखवावे लागते. म्हणजे सुस्थितीतल्या भावाने प्रेमापोटी आपला मुलगा दिला, तर आपल्याला तो त्याग वाटतो, पण त्यांच्या कायद्यात ते मूल बसणे कठीण. आईवडिलांपैकी एकच हयात असेल, तर त्याची लेखी, स्वखुशीची आणि मागे न घेता येणारी संमती महत्त्वाची ठरते.

पालकाकडे ग्रीन कार्ड असेल, तर हेगची ही वाट त्याला नाही. नोकरीच्या एच-१ व्हिसावर असेल, तरी दत्तक मूल सोबत नेण्याचा मार्ग साधा नाही. दोन्ही बाबतीत मूल सोळा वर्षांच्या आत दत्तक झालेले असावे लागते आणि पालकाकडे दोन वर्षे त्याचा कायदेशीर ताबा व दोन वर्षे प्रत्यक्ष एकत्र राहणे दाखवावे लागते. म्हणजे आई किंवा वडील यांपैकी एकाने भारतात येऊन दोन वर्षे मुलाबरोबर राहायचे. आजीकडे ठेवून दरमहा पैसे पाठवले, तर ते एकत्र राहणे होत नाही. नोकरी सोडायची की मुलाला थांबवायचे, हा निर्णय होम पेटवण्याआधी घ्यायचा असतो.

आता आपल्या बाजूची रीत. बाल न्याय कायदा २०१५ मध्ये नात्यातल्या मुलाला परदेशी दत्तक देण्याची स्वतंत्र तरतूद आहे. नातेवाईक म्हणजे मुलाचे काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हींकडचे आजी-आजोबा. चुलत भावाचे मूल आपल्याला सख्ख्यासारखे असले, तरी या व्याख्येत बसत नाही. घेणाऱ्यांनी ते राहतात त्या देशातल्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फत होम स्टडी करून काराच्या संकेतस्थळावर नोंदणी करायची. इकडे साताऱ्याचा किंवा सांगलीचा जिल्हा बाल संरक्षण कक्ष मुलाच्या घरी जाऊन अहवाल करतो. जन्मदात्यांची संमती लागते, मूल पाच वर्षांचे किंवा मोठे असेल तर त्याचीही. मग परदेशातून होकार येतो आणि प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांपुढे जाते. पूर्वी हा आदेश न्यायालय देत असे. १ सप्टेंबर २०२२ पासून तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. त्यानंतर काराचे ना हरकत प्रमाणपत्र, मुलाचा पासपोर्ट, वैद्यकीय तपासणी आणि शेवटी व्हिसा.

ज्यांचे हिंदू कायद्याखाली दत्तक आधीच झाले आहे, त्यांनी अगदी हताश होऊ नये. अशा प्रकरणांत जिल्हाधिकाऱ्यांकडून पडताळणी करून काराकडे जाण्याची सोय सप्टेंबर २०२१ मध्ये करण्यात आली आणि २०२२ च्या नियमावलीतही ती आहे. पण हा भारताचा कागद आहे. व्हिसा देणारा देश त्याचे स्वतःचे नियम लावतोच.

नात्यातले मूल नसेल, तर संस्थेतल्या मुलासाठी काराचीच नोंदणी. बालकल्याण समितीने मुक्त घोषित केलेले मूलच दत्तक देता येते आणि अनिवासी भारतीयांना देशातल्या पालकांच्या बरोबरीने धरले जाते. दवाखान्यात परस्पर आपले नाव लावून जन्मदाखला करून देणारे मध्यस्थ भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. तो गुन्हा आहे, शिवाय शंका आली की वकिलात डीएनए तपासणी सुचवते.

व्हिसा हातात आला की लोक सुटकेचा श्वास सोडतात, पण एक प्रश्न उरतो, नागरिकत्वाचा. 'आयएच-३' व्हिसावर आलेले मूल अमेरिकन पालकाकडे राहायला आले की नागरिक होते. 'आयएच-४' असेल, तर तिथे दत्तक पूर्ण करावे लागते. ही सोय करणारा कायदा २७ फेब्रुवारी २००१ पासून लागू झाला आणि त्या दिवशी अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांना त्याचा लाभ मिळाला नाही. मुंबईहून लहानपणी अमेरिकेत नेलेल्या एका मुलीचे नागरिकत्वाचे काम कुणी पूर्ण केलेच नव्हते. पुढे तिच्या हातून गुन्हा घडला आणि २००८ साली तिला भारतात परत पाठवले गेले. इथली भाषा नाही, ओळखीचे कुणी नाही आणि स्वतःची मुले तिकडे. म्हणून प्रमाणपत्र आणि पासपोर्ट हातात येईपर्यंत काम संपले असे समजू नका.

अमेरिकेचे नियम मी सांगितले, कारण आपल्याकडून तिथे जाणारे पुष्कळ. इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांचे नियम वेगळे आहेत. ते त्या त्या देशातून आधी विचारून घ्यावेत.

घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढेच सांगेन. मुहूर्त काढण्याआधी परदेशातल्या मुलाला किंवा सुनेला विचारा, तुमचा तिथला दर्जा काय आहे, तिथल्या संस्थेशी बोललात का? मग जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा. आणि हे सगळे ठरेपर्यंत लेकरासमोर "तू आता अमेरिकेला जाणार" असे बोलू नका. मोठ्यांना तारखा पुढे ढकलता येतात. पाच वर्षांच्या मुलाला मात्र दोन वर्षे म्हणजे त्याचे जवळजवळ अर्धे आयुष्य असते.