प्रत्येक ब्राउझर म्हणतो, 'मी मोझिला!'

घरातल्या कुणाच्या तरी अँड्रॉइड फोनवर क्रोम उघडा. वर जिथं आपण वेबसाइटचा पत्ता टाकतो, तिथं इंग्रजीत 'क्रोम', मग कोलन, दोन तिरक्या रेघा आणि 'व्हर्जन' असं सलग टाइप करा. अक्षरांनी आणि आकड्यांनी भरलेलं एक रुक्ष पान उघडेल. त्यातली एकच ओळ आपल्याला हवी आहे, 'युजर एजंट' नावाची. तिथं साधारण असं काहीतरी सापडेल:

मोझिला/५.० (लिनक्स, अँड्रॉइड १०, के) ॲपलवेबकिट/५३७.३६ (केएचटीएमएल, लाइक गेको) क्रोम/१२६.०.०.० मोबाइल सफारी/५३७.३६

तुमच्याकडे क्रोमपुढचा आकडा वेगळा असेल, बाकी ओळ बहुधा हीच. आता ती जरा निरखून वाचू या. सुरुवातच 'मोझिला'. अहो, पण मोझिला तर फायरफॉक्स हा वेगळाच ब्राउझर बनवते! शेवटी 'सफारी'. तो ॲपलचा ब्राउझर, अँड्रॉइडवर तो मिळतच नाही. 'गेको' हे फायरफॉक्सच्या इंजिनाचं, म्हणजे पान मांडून दाखवणाऱ्या भागाचं, नाव. आणि तुमच्या फोनवर अँड्रॉइड १३ असो की १४, इथं मात्र १०! मॉडेलचं नाव 'के', मग फोन कुठल्याही कंपनीचा का असेना. एवढ्या लांबलचक ओळीत खरं म्हणावं असं थोडंच: हा अँड्रॉइडचा मोबाइल आहे, त्याच्या मुळाशी लिनक्स आहे, आणि हा क्रोम आहे.

ही ओळ नुसती त्या पानावर पडून नसते बरं का. तुम्ही कुठलंही वेबपान उघडता तेव्हा तुमचा ब्राउझर दूरच्या एका संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे, ते पान मागतो. आणि मागताना 'मी कोण' हेही सांगतो. ते सांगणं म्हणजे ही ओळ. तुम्ही आज सकाळपासून दहा पानं पाहिली असतील, तर ही ओळ निदान दहा वेळा तरी कुठं कुठं जाऊन आली आहे. खरं तर कितीतरी जास्त वेळा, कारण पानातलं प्रत्येक चित्र वेगळं मागावं लागतं आणि प्रत्येक मागणीसोबत ही ओळ जाते.

मग एवढ्या वेळा ब्राउझर आपलं नाव चुकीचं का सांगतो? त्याची गोष्ट तीस वर्षांपेक्षा जुनी आहे.

१९९३ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या एका संगणक केंद्रात मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी 'मोझॅइक' नावाचा ब्राउझर तयार केला. मजकुरासोबत त्याच पानात चित्रंही दिसायची, म्हणून लोकांनी तो डोक्यावर घेतला. पुढच्याच वर्षी अँड्रीसन एका नव्या कंपनीत होता आणि ती कंपनी मोझॅइकला मागे टाकेल असा ब्राउझर बनवत होती. त्याचं बाजारातलं नाव ठरलं नेटस्केप नेव्हिगेटर. पण बनवणाऱ्यांनी आपापसात त्याचं लाडकं नाव ठेवलं होतं मोझिला! मोझॅइक आणि जपानी सिनेमातला तो अजस्र गॉडझिला, या दोघांचं मिळून हे नाव झालं. नेटस्केप सर्व्हरला हेच नाव सांगायचा.

नेटस्केपला पानं फार छान मांडता यायची. तक्ते, रंगीत पार्श्वभूमी, पुढे तर एकाच पानाचे वेगवेगळे कप्पे. बाकीच्या ब्राउझरांना हे जमत नव्हतं. तेव्हा वेबसाइट बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली: सर्व्हरनं आधी नाव बघायचं. 'मोझिला' दिसलं की सजवलेलं पान द्यायचं, नाहीतर साधं.

तेवढ्यात १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्स्प्लोरर आला. नेटस्केपच्या गोष्टी तोही एकेक करून शिकत होता. पण सर्व्हर ऐकून घेईल तर ना! मोझिला नाही? मग घे साधं पान. लग्नाच्या पंगतीत एखादा वाढपी ठरावीक आडनावाच्या पाहुण्यांनाच जिलबी वाढायला लागला, तर बाकीचे काय करतील? तेही तेच आडनाव सांगतील! एक्स्प्लोररनं हेच केलं. तो सांगू लागला: मोझिला/१.२२ (कंपॅटिबल, एमएसआयई २.०, विंडोज ९५). म्हणजे आधी मोझिला, मग कंसात हळूच 'त्याच्याशी जुळणारा', आणि त्यानंतर कुठं खरं नाव. सर्व्हरला पहिला शब्द दिसला, त्यानं सजवलेलं पान देऊन टाकलं.

एकदा हे चाललं म्हटल्यावर पुढच्या प्रत्येकानं तीच वाट धरली. नेटस्केपनं १९९८ मध्ये आपल्या ब्राउझरचा मूळ प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुला केला. त्यातून मोझिला प्रकल्प आणि गेको नावाचं नवं इंजिन उभं राहिलं, पुढे फायरफॉक्स आला. मग वेबसाइटवाले 'गेको' शोधू लागले. लिनक्सच्या जगातल्या कॉन्करर ब्राउझरचं इंजिन होतं केएचटीएमएल. त्यानं सांगितलं, 'केएचटीएमएल, गेकोसारखं'. २००३ मध्ये ॲपलनं सफारी आणला, त्याचं वेबकिट इंजिन केएचटीएमएलपासूनच बनवलेलं, म्हणून त्यानं तीही अक्षरं सोबत घेतली. सप्टेंबर २००८ मध्ये गुगलचा क्रोम आला. तो वेबकिटवर चालायचा, म्हणून त्यानं सफारीचंही नाव घेतलं. आता फोनवरची ती ओळ पुन्हा बघा. केवढा इतिहास एका रांगेत बसलाय! आणि गंमत म्हणजे क्रोम जन्माला आला त्याच वर्षी मार्चमध्ये नेटस्केप कायमचा बंद झाला होता. ज्याच्यासारखं वाटावं म्हणून मोझिला म्हणायचं, तो मूळ मोझिलाच उरला नव्हता. तरी नवा ब्राउझर पहिला शब्द उच्चारतो तो मोझिला.

का? कारण कुठंतरी, कुणीतरी फार पूर्वी बनवलेलं एक पान अजूनही ते नाव शोधत असेल. ते बनवणारा माणूस आता ते दुरुस्त करणार नाही, कदाचित त्याला ते आठवतही नसेल. पण ते पान उघडलं पाहिजे. ब्राउझर बनवणाऱ्यांची ही जिद्द मला मनापासून आवडते. टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधल्या सर्न प्रयोगशाळेत जगातली पहिली वेबसाइट बनवली, तिची पानं आजच्या फोनवरही वाचता येतात. तीस वर्षांपूर्वीचा दुसरा कुठला संगणकी ऐवज तुम्ही असा सहज उघडू शकाल, सांगा बरं!

नावांचा गोंधळ झाला, आता आकड्यांचा बघा. हा तर मला जास्तच आवडतो.

२००९ मध्ये ऑपेरा नावाचा ब्राउझर नवव्या आवृत्तीवरून दहाव्या आवृत्तीवर जाणार होता. दहा! त्यात काय विशेष? पण कित्येक वेबसाइटी आवृत्तीचा फक्त पहिला अंक वाचत होत्या. दहाचा पहिला अंक एक. म्हणजे त्या वेबसाइटींना वाटलं असतं की हा ऑपेरा १ आहे, अगदीच जुनापुराणा. शेवटी ऑपेरावाल्यांनी ओळीच्या सुरुवातीला ९.८० असा आकडा कायम ठेवला आणि खरा १०.०० शेवटी लिहिला.

तेरा वर्षांनी हाच पेच पुन्हा उभा राहिला, या वेळी दोन अंकांचा. क्रोम आणि फायरफॉक्स दोघंही ९९ वरून १०० वर जाणार होते. दोनच अंक वाचणाऱ्या वेबसाइटीला १०० म्हणजे १० वाटणार, आणि ती म्हणणार, 'तुमचा ब्राउझर फार जुना आहे, नवा घ्या!' या वेळी मात्र दोघांनी आधीपासून तयारी केली. २०२१ मध्येच काही लोकांच्या फायरफॉक्सला 'मी १००' असं सांगायला लावून कुठलं पान अडतं ते पाहिलं. क्रोममध्ये एक बटण ठेवलं, ते दाबलं की तो आधीच १०० असल्याचं सांगायचा. सापडलेल्या वेबसाइटींच्या मालकांना कळवलं. आणि सगळं फसलंच तर काय, याचीही सोय होती: टिंबाआधीचा आकडा ९९ वरच थांबवून ठेवायचा आणि खरा आकडा टिंबानंतर लिहायचा. २९ मार्च २०२२ ला क्रोम १०० आला, ३ मे ला फायरफॉक्स १००. ती शेवटची सोय वापरावी लागली नाही.

झालं? नाही! फायरफॉक्सच्या ओळीत 'आरव्ही' ही दोन अक्षरं आणि त्यापुढे आवृत्तीचा आकडा असतो. इंटरनेट एक्स्प्लोरर ११ च्या ओळीतही 'आरव्ही:११' असायचं, आणि पुष्कळ वेबसाइटी एक्स्प्लोररला त्यावरूनच ओळखायच्या. आता फेब्रुवारी २०२३ मध्ये फायरफॉक्सची ११० वी आवृत्ती यायची होती. 'आरव्ही:११०' मध्ये 'आरव्ही:११' ही अक्षरं आयतीच बसतात की! वेबसाइटींनी फायरफॉक्सला एक्स्प्लोरर समजून भलतंच पान दिलं असतं. मायक्रोसॉफ्टनं एक्स्प्लोररला जून २०२२ मध्येच निरोप दिला होता, तरी त्याच्या जुन्या खुणेनं फायरफॉक्सची वाट अडवली. तेव्हा ११० पासून ११९ पर्यंतच्या सगळ्या फायरफॉक्सांनी तिथं १०९ च सांगितलं, आणि १२० वी आवृत्ती आल्यावर खरा आकडा पुन्हा सुरू झाला.

मला विचाराल तर चूक ब्राउझरांची नाही, प्रश्नाची आहे. 'तू कोण?' असं विचारण्याऐवजी 'तुला हे येतं का?' असं विचारायला हवं. चांगले वेबसाइट बनवणारे आता तेच करतात. पानातला छोटासा प्रोग्रॅम तिथल्या तिथं तपासतो: या ब्राउझरला अमुक सोय माहीत आहे का? असेल तर वापरतो, नसेल तर दुसरा मार्ग काढतो. मग नाव कुणाचं का असेना. तुमच्यातलं कुणी पुढे वेबसाइट बनवणार असेल, तर पहिल्या दिवसापासून हीच सवय लावून घ्या.

पण हे आकडे इतके भराभर वाढतात तरी का? क्रोम २००८ मध्ये १ होता, साडेतेरा वर्षांत १०० झाला. २०२१ मध्ये दर चार आठवड्यांनी नवी आवृत्ती यायला लागली. नव्या सोयी हे त्याचं एक कारण. दुसरं, जास्त महत्त्वाचं, म्हणजे भोकं बुजवणं. ब्राउझर हा लाखो ओळींचा प्रोग्रॅम आहे आणि तो दिवसभर अनोळखी लोकांनी लिहिलेली पानं उघडत असतो. त्यात कुठंतरी चूक राहतेच, आणि एखादं मुद्दाम तसं बनवलेलं पान त्या चुकीतून आत शिरायला बघतं.

इथं एक विलक्षण पेच आहे. क्रोम ज्याच्यावर उभा आहे तो क्रोमियम नावाचा प्रोग्रॅम सगळ्या जगाला वाचायला खुला आहे. एखादी चूक दुरुस्त केली की ती दुरुस्तीही सगळ्यांना दिसते, चोरांनासुद्धा! 'अरे, इथं भोक होतं तर' हे त्यांना कळतं. दुरुस्ती उघड झाल्यापासून ती तुमच्या फोनवर पोचेपर्यंतचे दिवस सगळ्यात धोक्याचे. म्हणून ऑगस्ट २०२३ पासून सुरक्षेच्या दुरुस्त्या दोन आठवड्यांऐवजी दर आठवड्याला पाठवायला सुरुवात झाली. 'अपडेट करा' ही सूचना 'नंतर' म्हणून ढकलली, की तुम्ही नेमके तेच दिवस वाढवता.

फक्त एक जपा. एखादं वेबपानच ओरडून सांगायला लागलं, 'तुमचा ब्राउझर जुना आहे, इथं दाबा', तर मुळीच दाबू नका. असं सांगून घातक प्रोग्रॅम गळ्यात मारणारे बरेच आहेत. खरं अपडेट फोनवर प्ले स्टोअरमधून येतं, आणि संगणकावर ब्राउझरच्या स्वतःच्या सेटिंगमधून.

आता राहिलं ते 'अँड्रॉइड १०, के'. पूर्वी तिथं फोनचं खरं मॉडेल आणि अँड्रॉइडची खरी आवृत्ती जायची. त्यातून हजारो लोकांमधला नेमका तुमचा फोन ओळखणं सोपं व्हायचं, तुम्ही नाव-गाव काहीच सांगितलेलं नसताना! इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेनं २०१० मध्ये चार लाख सत्तर हजार ब्राउझर तपासले. ही ओळ, संगणकातले फॉन्ट, पडद्याचा आकार अशा साध्या गोष्टी एकत्र केल्या, तर त्यातले सुमारे ८४ टक्के ब्राउझर एकमेकांपासून वेगळे ओळखू आले. म्हणून क्रोमनं ठरवलं की सगळे फोन एकसारखंच उत्तर देतील. ज्या वेबसाइटीला खरी माहिती हवी असेल, तिनं ती मागावी.

ही मागण्याची नवी पद्धत क्रोममध्ये २०२१ मध्ये आली. तिच्यात ब्राउझर छोटीशी यादी पाठवतो: क्रोमियम, गुगल क्रोम, आणि त्यांच्यासोबत एक अस्तित्वातच नसलेलं नाव! क्रोम १२४ मध्ये ते 'नॉट-ए.ब्रँड' होतं, आवृत्ती ९९. क्रोम १२६ मध्ये तेच झालं 'नॉट/ए)ब्रँड', आवृत्ती ८. मधली चिन्हं बदलतात, आकडा बदलतो, यादीतला क्रमही बदलतो. हे सगळं मुद्दाम केलेलं आहे, म्हणजे 'यादीत पहिलं नाव हेच असणार' असं गृहीत धरून कुणी प्रोग्रॅम लिहिला, तर तो पुढच्याच महिन्यात अडतो आणि लिहिणाऱ्याला तो लगेच सुधारावा लागतो.