इंजिन नवं, तरी गाडी का थरथरते?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

मे महिन्याच्या अखेरीस शाळेच्या मुलांची ने-आण करणारे एक गृहस्थ आपली पेट्रोल व्हॅन घेऊन माझ्या गॅरेजवर आले. पंधरा दिवसांपूर्वी दुसरीकडे इंजिन बांधून झालं होतं. बोअर, पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, सगळं नवं, आणि त्यासाठी पतसंस्थेचं कर्ज काढलेलं. पण गाडी सिग्नलला उभी राहिली की गदागदा हलायची आणि मध्येच बंद पडायची. "पंप कमजोर आहे" असं सांगून पंपही बदलला गेला होता. फरक काहीच नाही. "आता इंजेक्टर बदला म्हणतात, काका. पंधरा दिवसांत शाळा उघडते, मी काय करू?"

अशा गाड्या गॅरेजवर नेहमी येतात. मी त्यांना म्हटलं, आधी मोजू, मग बोलू.

मोजायचं काय, ते समजून घेऊ. एमपीएफआय गाडीत पेट्रोलचा पंप टाकीत बसलेला असतो. तो फिल्टरमधून पेट्रोल इंजिनावरच्या एका नळीत ढकलतो. या नळीला रेल म्हणतात, आणि प्रत्येक सिलिंडरचा इंजेक्टर तिथून पेट्रोल घेतो. रेलच्या टोकाला प्रेशर रेग्युलेटर असतो. जास्तीचं पेट्रोल तो रिटर्न नळीने टाकीत परत पाठवतो. इंजेक्टर किती पेट्रोल फवारणार हे दोन गोष्टींवर ठरतं: तो किती वेळ उघडा राहतो, आणि रेलमधला दाब व मॅनिफोल्डमधला दाब यांत फरक किती आहे. गाडी उभी असताना थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, पिस्टन हवा ओढत असतात, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतो. तो फवाऱ्याला आपल्याकडे खेचतो. ही खेच भरून काढायला रेग्युलेटरला मॅनिफोल्डवरून एक बारीक रबरी नळी जोडलेली असते. व्हॅक्यूम वाढला की रेग्युलेटर रेलचा दाब तेवढाच उतरवतो.

म्हणून इंजिन बंद ठेवून नुसता पंप चालवला तर अशा गाड्यांत गेज साधारण अडीच ते तीन किलो दाखवतो, आणि इंजिन आयडलिंगला आलं की सुमारे अर्धा किलो खाली येतो. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहावा. मात्र तो अर्धा किलो उतरतो की नाही, हे आवर्जून बघावं. आमच्यातले पुष्कळ कारागीर दाब आहे एवढंच पाहतात आणि गेज काढून ठेवतात.

गेज लावण्याआधी एक गोष्ट कराच. इंजिन चालू ठेवून पंपाचा फ्यूज काढा आणि इंजिन आपोआप बंद पडू द्या. मग दोन-तीन सेकंद स्टार्टर मारा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, आणि जोडाभोवती फडकं धरून तो ढिला करा. तीन किलो दाबाचं पेट्रोल गरम सायलेन्सरवर उडालं तर गाडीही जाते आणि माणूसही. गेज घट्ट बसवल्यावर वायर आणि फ्यूज परत लावा.

त्या व्हॅनला गेज लावला. पंप चालवला, काटा तीनच्या जरा अलीकडे थांबला. म्हणजे पंप ठीक, आणि बहुधा जुनाही ठीकच होता. इंजिन चालू केलं, काटा तिथेच. रेग्युलेटरची नळी काढून बोट लावलं, तर ओढच नाही. नळी हाताने चाचपत गेलो. ती मॅनिफोल्डवर नव्हतीच, थ्रॉटलच्या अलीकडच्या तोटीवर बसवली होती. आयडलिंगला तिथे व्हॅक्यूम नसतो. आणि टाकीतल्या पेट्रोलच्या वाफा साठवणाऱ्या डब्याची नळी तिच्या जागी, थेट मॅनिफोल्डवर. दोन्ही सारख्याच जाडीच्या. म्हणजे एकीकडे दाब उतरत नव्हता, दुसरीकडे इंजिन सतत वाफा ओढत होतं. नळ्यांची अदलाबदल केली, काटा अर्धा किलो उतरला, हलणं थांबलं. दहा मिनिटांचं काम. नवा पंप मात्र दुकानदाराने परत घेतला नाही.

नळी काढल्यावर तिच्यात पेट्रोलचा वास आला, तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय असं समजा. इंजिन बंद केल्यावर दाब झरझर उतरला, तर पंपाचा एकमार्गी व्हॉल्व्ह, एखादा गळका इंजेक्टर किंवा पुन्हा रेग्युलेटर तपासा. आणि दाब मुळातच कमी असेल तर पंपाआधी फिल्टर बघा. गाडी महिनाभर इंजिनाविना उभी होती ना? हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला दमट हवा बाधते; टाकीत पाणी आणि गाळ बसतो.

दाब बरोबर असूनही गाडी थरथरत असेल तर पेट्रोल सोडा, हवा शोधा. लेथवर हेड घासलेलं असतं, मॅनिफोल्डचं गॅस्केट नीट बसत नाही; इंजेक्टरच्या जुन्या रबरी रिंगा पुन्हा वापरलेल्या असतात. जोडांवर साबणाचं पाणी लावा. आत ओढलं गेलं आणि इंजिनाचा आवाज बदलला, तर गळती तिथेच. पेट्रोल शिंपडून शोधू नका, काही जण ते करतात. व्हॅक्यूम गेजचा काटा स्थिर पण खाली असेल, तर टायमिंग बेल्ट एक दात चुकलाय का ते पाहा. इंजिनाची अर्थ वायर बांधायची राहून जाते, हेही मी दोनदा पाहिलंय.

पुष्कळ नव्या गाड्यांत रेग्युलेटर टाकीतच, पंपाबरोबर असतो, आणि इंजिनापासून परतीची नळी नसते. तिथे आयडलिंगला काटा खाली येत नाही. तो दोष समजू नका.