दुखतं कानशील, बोलतं यकृत

१८९० मध्ये लंडनचे शल्यविशारद जोनाथन हचिन्सन यांनी एका म्हाताऱ्याची हकीकत लिहिली. त्या बिचाऱ्याला दुखण्यापायी टोपीच घालवत नव्हती! डोक्यावर लालसर रेघा उमटलेल्या. त्या रेघा म्हणजे कानशिलांवरच्या सुजलेल्या धमन्या. आज या आजाराला जायंट सेल आर्टरायटिस म्हणतात. तो पन्नाशीनंतर, बहुधा सत्तरीच्या पुढेमागे गाठतो, आणि डोळ्याला रक्त पुरवणारी धमनी त्यात सापडली तर दृष्टी एकाएकी जाऊ शकते.

आता अशा रुग्णाचा रक्ताचा रिपोर्ट पाहा. ईएसआर चढलेला, सीआरपी चढलेलं, अल्ब्युमिन उतरलेलं. यातलं धमनीने थेट काय केलं? काहीच नाही. हे सगळे आकडे हलवले ते यकृताने!

सूज कानशिलात आणि यकृत तिकडे खाली, उजव्या बरगड्यांआड. त्याला खबर लागते कशी? सुजलेल्या धमनीच्या भिंतीत घुसलेल्या पेशी इंटरल्यूकिन-६ नावाचं प्रथिन रक्तात सोडतात. ते वाहत यकृतात पोचलं की तिथल्या पेशी रोजची कामं बाजूला सारतात. त्या बनवतात त्या रक्तातल्या प्रथिनांपैकी अल्ब्युमिन कमी, फायब्रिनोजेन जास्त, आणि एरवी नाममात्र असणारं सीआरपी तर काही तासांत वाढू लागतं. मोठ्या दाहात ते हजारपटीपर्यंत जातं. हजारपट!

आणि ईएसआर? त्यात तर कुठलंही रसायन मोजत नाहीत. उभ्या काचनळीत रक्त भरायचं, तासभर हात लावायचा नाही, आणि तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते वाचायचं. बस्स! या पेशींच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो, म्हणून त्या एकमेकींना दूर लोटतात आणि सावकाश बसतात. फायब्रिनोजेन वाढलं की ते लोटणं कमी पडतं, पेशी नाण्यांच्या चवडीसारख्या एकमेकींवर चिकटतात, आणि चवड जड म्हणून भरभर खाली जाते. कानशिलातली सूज यकृतामार्गे नळीत, चक्क नुसत्या डोळ्यांनी दिसते.

कोडं पुढेच आहे. पुष्कळ रुग्णांत अल्कलाइन फॉस्फटेज हे यकृताच्या तपासणीत मोजलं जाणारं विकरही वाढलेलं सापडतं. हे वाढलं की पित्तनलिकेत खडा अडकला का, अशी शंका आधी येते. सोनोग्राफी होते, खडा नाही, कावीळही नाही. स्टेरॉइड सुरू केलं की धमनीची सूज ओसरते आणि मागोमाग हाही आकडा खाली येतो. म्हणून म्हाताऱ्या माणसाची डोकेदुखी, ताप, उतरलेलं वजन आणि चढलेलं फॉस्फटेज एकत्र दिसलं, तर यकृताच्या तपासण्या वाढवण्याआधी कानशील चाचपावं.

मग टॉसिलिझुमॅब आलं. अमेरिकेत २०१७ पासून या आजारासाठी मंजूर असलेलं हे औषध इंटरल्यूकिन-६ चे ग्राहीच अडवतं. कित्येकांना त्याने उतार पडतो, स्टेरॉइडही कमी करता येतं. पण निरोपच पोचेना म्हटल्यावर यकृत सीआरपी बनवणार कशाला? आजार उलटला तरी सीआरपी आणि ईएसआर निर्धास्त खालीच राहू शकतात. तेव्हा डॉक्टर रिपोर्ट बाजूला ठेवून आजाराची लक्षणंच विचारतात, ‘आजोबा, घास चावताना जबडा भरून येतो का?’