आठ लाख कोटींचा गळ

अमेरिकेत 2022 या एका वर्षात सोळा वर्षांवरचे 3 कोटी 99 लाख लोक हौसेखातर गळ टाकायला पाण्यावर गेले. पोटासाठी नाही की बाजारात विकायला नाही. कोकणात सुट्टीला आलेली माणसं संध्याकाळी खाडीवर गरवायला बसतात, तसे. तिथल्या मत्स्य आणि वन्यजीव सेवेने राष्ट्रीय पाहणीत या सगळ्यांचे पाण्यावरचे दिवस मोजले, ते भरले साधारण 78 कोटी 50 लाख. एकापुढे एक मांडले तर साडेएकवीस लाख वर्षं. आपली मानवजात पृथ्वीवर अवतरून झाली जेमतेम तीन लाख वर्षं. तिच्या साऱ्या आयुष्याच्या सातपट काळ एका देशाने बारा महिन्यांत गळाकडे बघत घालवला.

पैशाचा आकडा त्याहून मोठा वाटतो. त्याच वर्षी या लोकांनी या हौसेपायी 9,940 कोटी डॉलर खर्च केले. डॉलर ऐंशी रुपयांचा धरला तरी जवळजवळ 8 लाख कोटी रुपये. महाराष्ट्र सरकारचा 2025-26 चा अर्थसंकल्प 7 लाख कोटींचा होता. त्यात शाळा, रस्ते, धरणं, पगार आणि पेन्शन सगळं आलं. माणशी हिशेब केला तर अडीच हजार डॉलर, म्हणजे दोन लाख रुपये. अर्थात गळ, दोरी आणि आमिषाचा वाटा त्यात लहान आहे. होडी, होडी ओढणारा ट्रक, दोघांचं इंधन, तळ्याकाठची भाड्याची खोली, वाटेतलं जेवण, बर्फ, परवाना असं सगळं मिळून ही रक्कम होते. आणि एवढं करून हाती लागलेला मासा अनेकदा फोटो काढून पुन्हा पाण्यात सोडला जातो.

या पसाऱ्याच्या वतीने राजधानीत बोलणारी संस्था म्हणजे अमेरिकन स्पोर्टफिशिंग असोसिएशन. तिचं कार्यालय वॉशिंग्टनपासून पोटोमॅक नदीपलीकडच्या अलेक्झांड्रियात आहे. तिची मुळं 1933 पर्यंत जातात. मंदीने कारखाने टेकीला आले होते, तेव्हा दांड्या, रीळ आणि गळ बनवणारे उत्पादक एकत्र आले. आज तिच्यात उत्पादकांबरोबर घाऊक व्यापारी, दुकानदार, विक्री प्रतिनिधी असे सगळे आहेत. माइक नसमन यांच्यानंतर 2018 मध्ये ग्लेन ह्यूज तिचे अध्यक्ष झाले. अशा संस्थेच्या अध्यक्षाचं काम बाहेरून सोपं वाटतं: जाहिरात करायची, सभासद वाढवायचे, वर्षातून एक प्रदर्शन भरवायचं. प्रत्यक्षात त्याचा सगळा दिवस आकड्यांशी झगडण्यात जातो, आणि ते आकडे एकमेकांशी भांडत असतात.

प्रदर्शनाबद्दल थोडक्यात. त्याचं नाव आयकॅस्ट. ते जुलैमध्ये फ्लोरिडातल्या ओरलँडोला, ऑरेंज काउंटी कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरतं. त्या केंद्रात प्रदर्शनाची जागाच 21 लाख चौरस फूट आहे. बारा-तेरा हजार लोक येतात आणि ते सगळे धंद्यातले. नुसत्या हौशी माणसाला आत प्रवेश नाही. दुकानदार पुढच्या हंगामाचा माल इथे नोंदवतो. नव्या वस्तूंची स्पर्धा लागते, आणि तिथे निवडून आलेलं रबरी आमिष पुढच्या हंगामात गावोगावच्या दुकानांत टांगलेलं दिसतं.

मला या धंद्यात सगळ्यात थोर वाटते ती गोष्ट प्रदर्शनात दिसत नाही. ती करात आहे. मासेमारीच्या सामानावर तिथे 10 टक्के अबकारी कर असतो. पूर्वी तो सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत जाई. मिशिगनचे खासदार जॉन डिंगेल आणि कोलोरॅडोचे सिनेटर एडविन जॉन्सन यांनी मांडलेल्या कायद्यावर 9 ऑगस्ट 1950 रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी सही केली, आणि तेव्हापासून या कराचा पैसा राज्यांच्या मत्स्यखात्यांकडे, फक्त माशांच्या आणि पाण्याच्या कामासाठी जाऊ लागला. ही पद्धत आपल्याला अनोळखी नाही. महाराष्ट्रात 1975 मध्ये व्यवसाय कर लागू झाला तोच रोजगार हमी योजनेसाठी. शहरातल्या पगारदाराच्या खिशातले रुपये दुष्काळी गावातल्या बांधबंदिस्तीवर जायचे. एका कामासाठी गोळा केलेला पैसा त्याच कामाला लागावा, हा आग्रह धरणं सोपं आहे. तो पाऊणशे वर्षं टिकवणं फार अवघड आहे.

अमेरिकेत तो टिकला, कारण कायद्यात एक कडक अट आहे. मासेमारी परवान्यांचा पैसा राज्याने दुसरीकडे वळवला, तर केंद्राचा हा निधी मिळणं थांबतं. रस्त्याचे खड्डे बुजवायला किंवा तुटीचं भगदाड भरायला त्याला हात लावता येत नाही. 1984 मध्ये सिनेटर मॅल्कम वॉलप आणि खासदार जॉन ब्रो यांच्या दुरुस्तीने मोटारबोटींच्या इंधनावरचा करही या निधीत आला, आणि आज सगळ्यात मोठा हिस्सा त्याचाच आहे. अलीकडच्या वर्षांत राज्यांना यातून दरवर्षी 35 ते 40 कोटी डॉलरच्या आसपास मिळतात. त्यातून मत्स्यबीज केंद्रं चालतात, तळ्यांचं सर्वेक्षण होतं, शाळकरी मुलांना गळ टाकायला शिकवलं जातं. राज्यांना आपल्या वाट्यातले सरासरी 15 टक्के होड्या पाण्यात उतरवायचे धक्के आणि उतार बांधायला खर्चावेच लागतात.

स्पोर्टफिशिंग असोसिएशनसारख्या करदात्यांच्या संघटनेने कर टिकवण्यासाठी झटावं, हे दृश्य जगात विरळाच. आता तर ती तो अधिक नीट वसूल व्हावा म्हणून धडपडते आहे. हा कर देशातल्या उत्पादकाने किंवा आयातदाराने भरायचा असतो. पण परदेशी विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवलेलं पार्सल थेट घरी येतं, तेव्हा कायद्याच्या लेखी आयातदार ठरतो तो घरबसल्या खरेदी करणारा माणूस, आणि त्याला या कराचा पत्ताही नसतो. पाच डॉलरच्या आमिषामागे पन्नास सेंट बुडतात. अशी किती पार्सलं येत असतील याची कल्पनाच केलेली बरी. ऑनलाइन बाजार चालवणाऱ्या कंपनीने हा कर भरावा, अशी संघटनेची मागणी आहे. मला ती शंभर टक्के रास्त वाटते. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने कर भरून माल विकायचा आणि परदेशी विक्रेत्याने न भरता, यात दुकानदार तर मरतोच, शिवाय तळ्यात सोडायचं मत्स्यबीजही घटतं.

हा निधी राज्यांत वाटायचं सूत्र ऐकण्यासारखं आहे. 60 टक्के वाटप परवानाधारकांच्या संख्येवर, 40 टक्के राज्याच्या जमीन-पाण्याच्या क्षेत्रफळावर. कोणालाही 5 टक्क्यांहून जास्त नाही, कोणत्याही राज्याला 1 टक्क्याहून कमी नाही. म्हणून अवाढव्य अलास्का, टेक्सस आणि कॅलिफोर्निया वरच्या मर्यादेला टेकतात, आणि चिमुकल्या ऱ्होड आयलंडलाही 40 कोटींतले 40 लाख डॉलर मिळतात. सूत्राचा अर्थ उघड आहे: गळ टाकणारे जितके जास्त, तितका पैसा जास्त.

म्हणूनच माणसं वाढवायचा ध्यास. 1998 मध्ये स्थापन झालेल्या रिक्रिएशनल बोटिंग अँड फिशिंग फाउंडेशनने ‘टेक मी फिशिंग’ ही मोहीम याच निधीतून चालवली. त्यांच्या पाहण्यांत वर्षानुवर्षं एक गोष्ट दिसते: गळ टाकणाऱ्या दहांतल्या आठांहून जास्त जणांनी तो पहिल्यांदा बाराव्या वर्षाआधीच हातात घेतलेला असतो. तिशीतल्या माणसाला नवी दांडी विकायची तर वीस वर्षांपूर्वी कुणीतरी त्याला तळ्यावर नेलेलं असावं लागतं.

या फाउंडेशनच्या अहवालात 2022 चा गळवाल्यांचा आकडा आहे 5 कोटी 45 लाख. सरकारी पाहणीत त्याच वर्षाचा, वर सांगितलेला, 3 कोटी 99 लाख. फरक 1 कोटी 46 लाखांचा. 2011 च्या जनगणनेत सगळी मुंबई 1 कोटी 24 लाखांची होती. एका पाहणीत सहा वर्षांपासूनची मुलंही धरली जातात, दुसरीत सोळापासून पुढचे, आणि विचारण्याची पद्धतही वेगळी. त्यात सरकारी पाहणीच्याच 2016 च्या अंकात खर्च होता 4,610 कोटी डॉलर आणि दिवस 45 कोटी 90 लाख. सहा वर्षांत खर्च दुप्पट झाला असं भाषणात सांगायचा मोह कोणालाही व्हावा. पण मधल्या काळात पाहणीची पद्धत बदलली, आणि जुने-नवे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये असं ती करणाऱ्यांनीच बजावलं आहे. चांगला अध्यक्ष तो मोह आवरतो.

आता खरी अडचण. राजधानीत जो आकडा मोठा असला की ताकद वाढते, तोच समुद्रावर मोठा झाला की पकड जास्त झाल्याचं धरलं जातं आणि घात होतो.

मेक्सिकोच्या आखातातला रेड स्नॅपर घ्या, आपल्या तांबोशीचा भाऊबंद. त्याचा वार्षिक कोटा ठरलेला: 51 टक्के व्यावसायिक मच्छीमारांना, 49 टक्के हौशी लोकांना. बेसुमार पकडीने तो खालावला होता, मग निर्बंध आले आणि मासा सावरू लागला. सावरला म्हणजे नुसता वाढला नाही, एकेक मासा मोठा आणि वजनदार झाला. पण कोटा वजनात मोजतात! मोठे मासे लागू लागले तसा तो लवकर भरू लागला, आणि किनाऱ्यालगतच्या राज्यांनी आपल्या पाण्यात हंगाम लांब ठेवल्यामुळे बराचसा तिथेच संपू लागला. 2014 मध्ये खासगी होडीवाल्यांना केंद्राच्या अखत्यारीतल्या समुद्रात 9 दिवस मिळाले. 2017 मध्ये जाहीर झाले 3. फक्त तीन! लाखाची होडी धक्क्याला बांधून, कित्येक वर्षांत नव्हते इतके मासे खाली असताना, वर्षाचे तीन दिवस. ओरड इतकी झाली की सरकारने मुख्यतः शुक्रवार ते रविवार असे आणखी 39 दिवस वाढवले, आणि मग पर्यावरण संस्था कोर्टात गेल्या. मला दोन्ही बाजूंची तळमळ समजते. सावरणारा मासा पुन्हा खड्ड्यात घालायचा नाही, आणि ज्यांच्या पैशातून मत्स्यखाती चालतात त्यांना समुद्रावरून हाकलायचंही नाही.

31 डिसेंबर 2018 रोजी हौशी मासेमारीच्या व्यवस्थापनाचा नवा कायदा झाला. त्यासाठी संघटनेने वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या. पण कायद्याने मासे मोजून होत नाहीत. संसदेने जवळजवळ एक कोटी डॉलर देऊन आखातातल्या रेड स्नॅपरची स्वतंत्र गणती करवली. ग्रेग स्टन्झ यांच्या नेतृत्वाखालच्या शास्त्रज्ञांचा आकडा आला 11 कोटी, आधीच्या अंदाजाच्या जवळजवळ तिप्पट. त्या आकड्यावरही शास्त्रज्ञांत बरीच चर्चा झाली.

आणि माणसं? समुद्रावर वर्षाला सुमारे 20 कोटी हौशी फेऱ्या होतात, असा सरकारी अंदाज. एवढ्या फेऱ्या कोणी उभं राहून मोजत नाही. किनारी भागातल्या घरांना टपालाने प्रश्नावली जाते: गेल्या दोन महिन्यांत किती वेळा गेलात, गेल्या वर्षभरात किती वेळा. 2023 मध्ये सरकारच्याच एका चाचणीत प्रश्नांचा क्रम बदलून पाहिला. किनाऱ्यावरून आणि खासगी होड्यांतून होणाऱ्या फेऱ्यांचा अंदाज साधारणपणे 30 ते 40 टक्क्यांनी खाली आला. प्रश्न तेच, फक्त पुढचा मागे आणि मागचा पुढे. वर्षभराचा आधी विचारला की माणूस जास्त नीट आठवतो. ज्या अंदाजांवर हंगामाचे दिवस ठरतात, ते इतक्या नाजूक गोष्टीवर उभे आहेत.

लुइझियाना राज्याने 2014 मध्ये आपली स्वतंत्र मोजणी सुरू केली. खोल समुद्रात जाणाऱ्याला तिथे वेगळा परवाना घ्यावा लागतो, त्यामुळे विचारायचं कोणाला हे नेमकं माहीत असतं. परवानाधारकांना दर आठवड्याला फोन किंवा ईमेल जातो, आणि धक्क्यावर माणसं उभी राहून उतरलेली पकड मोजतात. आता खासगी होडीवाल्यांचा रेड स्नॅपरचा हंगाम राज्यांच्या हाती आला आहे, आणि लुइझियानात तो कोटा किती भरला हे आठवड्याआठवड्याला बघून चालवतात.