कॅमेऱ्याची तिपाई व तिची बैठक

छायाचित्रण करताना कॅमेरा स्थिर धरून ठेवणारे तीन पायांचे साधन म्हणजे तिपाई किंवा ट्रायपॉड. तिच्या माथ्यावरील ज्या पट्टीवर कॅमेरा स्क्रूने बसवितात, तिला बैठक म्हणता येईल. पाय भक्कम असूनही कॅमेरा पुष्कळदा बैठकीवर डगमगतो व प्रतिमा अस्पष्ट येते. हा दोष बहुधा अल्प खर्चात दूर होतो. मात्र तो नेमका कोठे आहे हे न शोधता स्क्रू अधिकाधिक आवळल्यास कॅमेऱ्याच्या तळाला कायमची इजा पोहोचते.

स्थिरतेची गरज : चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती (भांदक) येथील विजासन टेकडीत बौद्ध लेणी आहेत. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात भांदकच्या अवशेषांची पाहणी केली होती. टेकडीत सरळ आत गेलेल्या लांबट दालनाच्या टोकाशी बसलेल्या बुद्धाची मूर्ती असून तेथे पोहोचणारा दिवसाचा प्रकाश फार थोडा असतो. समोरून क्षणदीप्तीचा प्रकाश टाकल्यास कोरीव कामाचा उठाव सपाट दिसतो. म्हणून भिंगाचे द्वारक लहान ठेवून काही सेकंदांचे उद्भासन द्यावे लागते. शिल्पाची झीज किती झाली हे ठरविताना जुने छायाचित्र हाच पुरावा असतो. ते हललेले असल्यास कडांची झीज व प्रतिमेची अस्पष्टता यांत फरक करता येत नाही. भद्रावतीच्या पूर्वेकडील ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या अरण्यात अशीच अडचण निराळ्या रूपात येते. वाघाची ओळख त्याच्या अंगावरील पट्ट्यांच्या रचनेवरून पटवितात. पहाटेच्या मंद प्रकाशात दूरभिंगाने घेतलेल्या चित्रात पट्टे एकमेकांत मिसळले, तर ते ओळखीस निरुपयोगी ठरते.

अल्प हालचालीचा परिणाम : बैठक ५० मिमी. लांब असून तिची एक कड ०·१ मिमी. उचलली जाते असे मानल्यास कॅमेरा ०·००२ अरीय इतक्या कोनातून कलतो. ५० मिमी. केंद्रांतराच्या भिंगात यामुळे प्रतिमा सु. ०·१ मिमी. सरकते, तर ५०० मिमी. केंद्रांतराच्या भिंगात ती सु. १ मिमी. सरकते. ३५ मिमी. फिल्मवर किंवा तेवढ्याच आकाराच्या इलेक्ट्रॉनीय संवेदकावर ०·०३ मिमी. पर्यंतची अस्पष्टता सामान्यतः खपवून घेतात. तात्पर्य, डोळ्यास न दिसणारी फट चित्र बिघडविण्यास पुरेशी असते.

रचना : तीन बिंदूंतून नेहमी एक प्रतल जाते. यामुळे खडबडीत जमिनीवर चार पायांचे टेबल डुगडुगते, पण तिपाईचे तिन्ही पाय टेकतात. म्हणून डगमग आढळल्यास जमिनीपेक्षा सांध्यांकडे प्रथम लक्ष द्यावे. सांध्यांची साखळी अशी असते : कॅमेऱ्याचा तळ, बैठक, बैठक पकडणारा चिमटा, फिरता माथा, मधला दांडा व पाय.

कॅमेरा बैठकीस जोडणारा स्क्रू बहुतेक ठिकाणी १/४ इंच (६·३५ मिमी.) व्यासाचा, इंचास २० आट्यांचा असतो. मोठ्या कॅमेऱ्यांसाठी व माथा जोडण्यासाठी ३/८ इंच व्यासाचा, इंचास १६ आट्यांचा स्क्रू वापरतात. कारागिरांच्या भाषेत हे अनुक्रमे दोन सुती व तीन सुती स्क्रू होत. पहिल्यातील दोन आट्यांमधील अंतर १·२७ मिमी. असल्याने तो ५ मिमी. आत गेला, तरी जेमतेम चार आटे पकडतात.

दोषाचा शोध : सर्व कळा घट्ट करून कॅमेरा बसवावा. एका हाताने भिंगाची नळी हलकेच डावी-उजवीकडे दाबावी व दुसऱ्या हाताचे बोट प्रत्येक सांध्यावर क्रमाने असे टेकवावे की, ते दोन्ही भागांना एकाच वेळी स्पर्श करील. ज्या सांध्यापाशी दोन भाग बोटाखाली निरनिराळे हलतात, तेथे दोष असतो. कॅमेऱ्याचा तळ व बैठक यांमध्ये कागदाची पट्टी सरकत असेल, तर ते दोन्ही पृष्ठभाग नीट टेकलेले नाहीत.

कारणे व उपाय : (१) स्क्रू लांब असल्यास त्याचे टोक छिद्राच्या तळास टेकते. हातास तो घट्ट लागतो, पण बैठक मात्र सैलच राहते. फसविणारा दोष तो हाच. अशा वेळी अधिक जोर न लावता स्क्रूच्या डोक्याखाली योग्य जाडीचा वॉशर घालावा किंवा आखूड स्क्रू घ्यावा. (२) हार्डवेअरच्या दुकानातील ६ मिमी. मापाचा मेट्रिक स्क्रू दोन सुती छिद्रात सुरुवातीस जातो. परंतु त्याचा व्यास कमी व आट्यांचे अंतर १ मिमी. असल्याने तो आधी सैल राहतो आणि मग अडकून आटे खराब करतो. तो वापरू नये. (३) तीन सुती छिद्र दोन सुती करण्यासाठी बसविलेले बुश सैल झाल्यास ते स्क्रूबरोबर फिरते. त्याच्या खाचेत नाणे किंवा पेचकस घालून ते घट्ट करावे. (४) बैठकीवरील रबर वा बूच उन्हाने कडक, मऊ किंवा असमान झाल्यास ते खरवडून सारख्या जाडीचे नवे चिकटवावे. जाड व मऊ रबर स्वतःच दबत असल्याने ते टाळावे. (५) जड दूरभिंगाचा भार स्क्रूच्या पुढे पडतो. १·५ किग्रॅ. वजनाचा गुरुत्वमध्य स्क्रूपासून १५ सेंमी. पुढे असल्यास सु. २·२ न्यूटन-मीटर परिबल निर्माण होते. अशा भिंगाची स्वतःची कडी बैठकीवर बसवून गुरुत्वमध्य माथ्यावर आणावा. (६) कॅमेरा उभा धरल्यास एकच स्क्रू केवळ घर्षणाने त्याचे फिरणे रोखतो. तेथे काटकोनी पट्टी उपयुक्त ठरते.

कॅमेऱ्याच्या तळातील आटे झिजले असल्यास घरगुती प्रयत्न न करता जाणत्या कारागिराकडून नवी आतली वेटोळी बसवून घ्यावी.

वापर व निगा : चंद्रपूर भागात उन्हाळ्यात तापमान ४५° से. वर जाते, तर पावसाळ्यात हवा दमट असते. म्हणून बंद मोटारीत तिपाई ठेवणे टाळावे, लाकडी पायांचे सांधे पावसाळ्यानंतर पुन्हा तपासावेत व धूळ आट्यांत साचू देऊ नये. मधला दांडा शक्यतो खाली ठेवावा. चित्र घेताना कॅमेऱ्यास हात न लावता केबल किंवा स्वयंचलित विलंबाची कळ वापरावी, म्हणजे हाताने उठलेली कंपने आधी शमतात. अरण्यातील उघड्या वाहनात तिपाईस जागा नसते. तेथे कडधान्य भरलेली पिशवी कठड्यावर ठेवून तिच्यावर भिंग टेकविणे सोयीचे असते. संरक्षित लेण्यांत तिपाई लावण्यापूर्वी परवानगीचे नियम पाहून घ्यावेत आणि टोकदार पायांना रबरी टोप्या घालाव्यात. चित्राच्या स्थैर्यासाठी कोरीव खडकास ओरखडा पडणे योग्य नव्हे.